आपली ३१२ पदकं, भूतानची २०. मग ते येतात कशासाठी?

रिकामटेकडा

काल रात्री शोधत होतो वेगळंच काहीतरी आणि हाती लागला २०१९ च्या साउथ एशियन गेम्सचा पदकतक्ता, नेपाळमध्ये झालेल्या त्या. आपली ३१२ पदकं, त्यात १७४ सोन्याची. मग नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान, बांगलादेश करत करत खाली आलो तर तळाला भूतान. पदकं २० पण सोनं शून्य, ७ चांदी आणि १३ कांस्य. त्यात गंमत म्हणजे मालदीव नुसती ५ पदकं घेऊन भूतानच्या वर बसलाय, कारण त्यांचं एक सोनं आहे आणि तक्ता सोन्यावर लागतो.

मग त्याच्या आधीचा, २०१६ चा गुवाहाटी-शिलाँगचा पण उघडला. भूतान १ चांदी १५ कांस्य. सोनं परत नाहीच.

कुणाला हिणवायचं नाहीये हां, आधीच सांगतो. अख्ख्या देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास, आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी शहरात एवढी माणसं सहज असतात. पण दर वेळी यायचं, हरायचं, परत जायचं, यातून त्यांना नक्की मिळतं काय? आणि उलट बाजूनं, आपल्याला तरी त्या ३१२ चं काय कौतुक वाटावं? खरंच कळत नाहीये म्हणून विचारतोय.

पाचवा_राखीव

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, फार कौतुक वाटून घेऊ नये. आपण तिथे बऱ्याच खेळांत पहिली फळी पाठवतच नाही, तरी एवढी पदकं येतात.

पहिल्या प्रश्नासाठी जरा मागे जावं लागेल. या स्पर्धा सुरू झाल्या १९८४ ला काठमांडूत, तेव्हा नाव साउथ एशियन फेडरेशन गेम्स, आपण सगळे सॅफ गेम्स म्हणायचो. त्याच वर्षी भूतान पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला, लॉस एंजेलिसला. सहा खेळाडू, तीन पुरुष तीन बायका, सहाच्या सहा तिरंदाज. आणि तिथून पुढे २०१२ च्या लंडनपर्यंत भूतानने ऑलिंपिकला तिरंदाज सोडून कुणाला पाठवलंच नाही, लंडनला पहिल्यांदा एक नेमबाज गेली. म्हणजे बघा, या सगळ्या वर्षांत थिंपूत एखादा पोरगा बॉक्सिंग शिकत असेल, एखादी पोरगी तायक्वांदो करत असेल, तर छातीवर देशाचं नाव लावून ते खेळणार कुठे? एशियाड आहे, पण तिथे पहिल्याच फेरीत कोरिया नाहीतर उझबेकिस्तान, खेळ संपला. नेपाळचा किंवा बांगलादेशचा गडी समोर आला तर निदान झुंज होते. तुम्ही तक्ता बघताय, त्यांच्यासाठी ही घर आणि एशियाड यांच्या मधली पायरी आहे.

आता जरा आतली गोष्ट. त्या कांस्यांना फार भुलू नका आणि फार हसूही नका. बॉक्सिंग, तायक्वांदो, ज्युडो यांत कांस्य दोन देतात आणि देश मोजून सात, म्हणजे ड्रॉ नीट लागला तर एक लढत जिंकून पण माणूस पदकात येतो. पण ती एक लढत जिंकावी लागते ना! मी विद्यापीठापर्यंतच खेळलोय, तेही बहुतेक वेळा बेंचवर (नावावरून कळलंच असेल), तरी सांगतो, बाहेरच्या संघाविरुद्ध जिंकलेली एक मॅच माणूस पुढची वीस वर्षं सांगत फिरतो.

डोंगरवाट

तिरंदाजीचा विषय निघालाय तर मला राहवत नाही. आम्ही थिंपूला गेलो होतो तेव्हा चांगलिमिथांग स्टेडियमच्या शेजारच्या मैदानावर सामना चालू होता, तासभर बघू म्हणून थांबलो आणि दुपार तिथेच गेली.

पहिली गोष्ट म्हणजे अंतर. त्यांच्या पारंपरिक खेळात निशाण साधारण १४५ मीटर लांब, ऑलिंपिकमध्ये ७० मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि निशाण काय तर जमिनीत रोवलेली एक अरुंद लाकडी फळी, आमच्या जागेवरून मला ती धड दिसत पण नव्हती. दोन्ही टोकांना फळ्या, इकडून मारायचं, चालत तिकडे जायचं, तिकडून परत इकडे. आणि सगळ्यात भारी म्हणजे फळीच्या आजूबाजूला माणसं उभी असतात, बाण येतोय, हे बिनधास्त ओरडून सांगतायत कुठे पडला, बाजूला होतायत, हसतायत. बाण फळीला लागला की संघ गोल करून नाचतो आणि गातो, आणि ज्याने मारला त्याच्या कमरेला रंगीत फडकं. समोरच्याला चिडवणं हा तर खेळाचाच भाग. मी धरून बसले होते की गंभीर शांतता वगैरे असेल, निघाली जत्रा.

मग वाटतं ना की हे लोक तिरंदाजीत सगळ्यांना लोळवत असतील? तसं होत नाही आणि मला वाटतं कारण तिथेच आहे. तिकडे हल्ली बऱ्याच जणांच्या हातात कंपाउंड धनुष्य असतं, ते पुली लावलेलं, आणि ऑलिंपिकला आजवर चालत आलंय फक्त रिकर्व्ह, म्हणजे बिनपुलीचं. वेगळं धनुष्य, वेगळं अंतर, आणि वर घड्याळ लावून शांततेत मारायचे बाण. नाव एकच पण खेळ दोन आहेत हो हे! २०१९ ला तर आपल्या तिरंदाजी संघटनेवर जागतिक संघटनेची बंदी होती म्हणून भारत उतरलाच नव्हता, मैदान मोकळं होतं, तरी तिरंदाजीची दहाच्या दहा सोनी बांगलादेशने नेली. राष्ट्रीय खेळ भूतानचा आणि सोनं ढाक्याला. मला तेव्हा जाम वाईट वाटलेलं.

पण कर्मा आठवतेय का कुणाला? टोकियो ऑलिंपिकला स्वतःच्या कामगिरीवर पात्र ठरलेली भूतानची पहिली खेळाडू. त्याआधीचे बरेच जण वाइल्डकार्डवर, म्हणजे पात्रता न गाठता मिळालेल्या जागेवर गेलेले. आणि पहिल्याच फेरीत तिच्यासमोर आली आपली दीपिका कुमारी, ६-० ने मॅच दीपिकाची. मी टीव्हीसमोर बसून टाळ्या कुणासाठी वाजवाव्यात या गोंधळात.

खवट

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मी जरा मीठ टाकतो.

त्याच २०१९ च्या गेम्समध्ये बायकांचं क्रिकेट होतं पोखऱ्याला. नेपाळविरुद्ध मालदीव १६ ऑल आउट. नेपाळच्या अंजली चंदने सहा विकेट घेतल्या आणि दिलेल्या धावा किती, शून्य. नेपाळने मॅच पाच चेंडूंत संपवली. पुढे बांगलादेशने २५५ ठोकल्या आणि मालदीव ६ वर ऑल आउट. सहा! मग कांस्यपदकाच्या मॅचला परत नेपाळ, परत ऑल आउट, ८. आता मला सांगा यातली कुठली पायरी आणि कुठली झुंज. त्या पोरींना जगभर मीम बनवून सोडलं लोकांनी. याला अनुभव म्हणायचं का?

युरोपात बघा, अंडोरा, सॅन मरिनो, मोनाको, माल्टा, आइसलंड यांनी १९८५ पासून स्वतःचे वेगळे गेम्स काढलेत, दहा लाखांच्या आतल्या देशांचे. जर्मनी-फ्रान्सला बोलावतच नाहीत. त्यामुळे लिख्टेनश्टाइनचा पोहणारा पण सोनं घेऊन घरी जातो. आपल्या भागात का नाही असं? एक हत्ती आणि सहा ससे एका मैदानात सोडायचे आणि वर म्हणायचं खेळभावना.

पाचवा_राखीव

@खवट, क्रिकेटचं मान्य. तो संघ अगदी नवा होता आणि इतक्या लवकर त्यांना आंतरराष्ट्रीय मॅचला उभं करणं चुकलंच असं माझंही मत. पण त्याच गेम्समध्ये, त्याच मालदीवचा हसन सईद १०० मीटर धावला १०.४९ मध्ये आणि सोनं घेऊन गेला. १०० मीटर! कुठला कोपऱ्यातला खेळ नव्हे, सगळ्यात मानाची शर्यत. वर रिकामटेकडा म्हणाला ते मालदीवचं एक सोनं ते हेच. सगळी बेटं मिळून जमीन तीनशे चौरस किलोमीटर, त्यातही दोनशेच्या आत बेटांवर वस्ती, म्हणजे एका बेटावर सरळ पळत सुटलात तर थोड्या वेळाने समुद्रच लागतो. मीम १६ ऑल आउटचं झालं, १०.४९ चं नाही झालं, हा दोष कुणाचा?

आणि भूतानच्या फुटबॉलवाल्यांची चांदी विसरू नका. २०१९ ला अंतिम सामन्यात नेपाळकडून २-१ हरले, तेही काठमांडूत भरलेल्या दशरथ स्टेडियममध्ये. आता खवटसाहेब म्हणतील भारताने पुरुषांचा संघ पाठवलाच नव्हता. बरोबर, नव्हता. पण हाच देश २०१५ ला फिफाच्या यादीत शेवटचा, २०९ वा होता, आणि शेवटचा असतानाच वर्ल्डकप पात्रतेत श्रीलंकेला दोन्ही लेगमध्ये, म्हणजे त्यांच्या घरी आणि आपल्या घरी, हरवलं, घरच्या लेगमध्ये दोन्ही गोल चेंचोचे. तो चेंचो गेल्त्शेन पुढे आपल्याकडे आय-लीग जिंकून गेला मिनर्व्हा पंजाबकडून. कुठेतरी खेळायला मिळालं म्हणूनच ना?

वेगळ्या गेम्सचं म्हणाल तर मालदीव तसाही हिंदी महासागर बेटांच्या गेम्सला जातो, मॉरिशस, सेशेल्स, रेयुनियन वगैरेंबरोबर. भूतानने कुणाबरोबर जायचं? आजूबाजूला आपण आणि चीन.

खवट

हा शेवटचा मुद्दा चांगला आहे, मानलं. तरी क्रिकेटबद्दल माझं मत बदलणार नाही.

रिकामटेकडा

धागा काढला तेव्हा वाटलं नव्हतं एवढं निघेल. मधल्या वेळात मी पॅरिस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनचा तो व्हिडिओ परत बघितला, भूतानच्या किनझांग ल्हामोचा. जिंकणारी सिफान हसन २ तास २२ मिनिटांत आली आणि ही ३ तास ५२ मिनिटांत, सगळ्यात शेवटी, तोपर्यंत रस्ता रिकामा व्हायला पाहिजे होता पण लोक सायकली घेऊन तिच्या बाजूने चाललेत, ओरडतायत. तेव्हा मला वाटलेलं की बिचारीला उगाच पाठवलं. आज वाचलं तर कळलं की ही बाई २०२२ ला स्नोमॅन रेसमध्ये दुसरी आलेली, हिमालयातून २०३ किलोमीटर. बिचारी वगैरे काही नाही, उलट मला जिना चढताना धाप लागते.

एक मात्र विचारायचं राहिलं, पुढच्या कधी आहेत या गेम्स?

डोंगरवाट

हाच तर वांधा आहे. २०१९ नंतर लाहोरला व्हायच्या होत्या, त्या पुढेच ढकलल्या जातायत. आपल्या खेळाडूंना फारसा फरक पडत नाही, त्यांना एशियाड आहे, कॉमनवेल्थ आहे, वर्ल्डकप आहेत. भूतान कॉमनवेल्थमध्येच नाही. २०१९ ला वीस वर्षांची असलेली आणि चांदी घेऊन गेलेली एखादी पोरगी असेल तर तिने सोन्यासाठी परत यायचं कधी, पंचवीस-तिशीत खेळ सोडून नोकरीला लागायची वेळ येते. वरती पाचव्याने पायरी म्हटलं ना, ती पायरीच काढून ठेवलीय सध्या.

थोडी बरी बातमी म्हणजे लॉस एंजेलिस २०२८ ला कंपाउंड तिरंदाजी पहिल्यांदा ऑलिंपिकला येतेय, पण फक्त मिश्र सांघिक, एक पुरुष एक बाई. थिंपूच्या त्या मैदानावर फळीजवळ उभं राहून नाचणाऱ्यांपैकी कुणी तिथपर्यंत पोचलं तर मी रात्र जागणार. आणि समोर आपलीच जोडी आली तर काय करायचं ते तेव्हा बघू.