जिताडा ओहोटीलाही लागतो
जिताडा हा खाडीतला मासा भरतीलाच गळाला लागतो, असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. गेल्या अष्टमीला मित्राबरोबर छोट्या होडीतून रायगडातल्या कुंडलिका नदीच्या खाडीत गेलो होतो, रेवदंड्याच्या आतल्या बाजूला. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक थोडा, ओढ कमी, त्यामुळे नुसत्या वल्ह्यावर होडी जागेवर धरता आली. भरतीत काहीच नाही. पाणी उतरायला लागलं आणि तिवरांतून येणाऱ्या ओहोळाच्या तोंडाशी, जिथून बोयटांसारखे छोटे मासे न् कोळंबी बाहेर पडतात, तिथेच गळाला झटका बसला. मित्राने होडी पटकन मागे घेतली, नाहीतर दोरी मुळांत अडकून तुटलीच असती.

मासा मोठा होता, सोडून दिला. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. मोठे मासे बहुतेक अंडी घालणाऱ्या माद्याच. तेवढे सोडा, ही कळकळीची विनंती.