मे महिन्यात हायलक्सचं ऑटोमॅटिक गिअर ऑईल घरी बदलता येईल का?

काटोलचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. माझी टोयोटा हायलक्स पिकअप, ऑटोमॅटिक, २०२२ ची आहे, ९२,००० किलोमीटर झाले. घर मानेवाड्यात, बाग काटोलकडं. आंबिया बहाराच्या वेळेस मागं संत्र्याचे क्रेट भरून कळमना मार्केटला येतो. वर्षातून दोन-तीनदा छिंदवाड्याला जातो, म्हणजे सिल्लेवानीचा घाट लोड घेऊन चढावा लागतो, बहुतेक वेळा कोण्या ट्रकच्या मागं रांगत.

महिन्याभरापासून गाडी तापली की दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात जाताना बारीक झटका बसून राहिला. सकाळी गाडी थंड असताना काहीच नाही. गिअरबॉक्सचं ऑईल आजवर एकदाही बदललेलं नाही. एका गॅरेजवाल्यानं मशीन लावून सगळं फ्लश करतो, म्हणजे जुनं ऑईल एकदमच बाहेर काढतो म्हटलं. दुसरा म्हणे, हातच लावू नका, नवं ऑईल टाकलं की जुना डबा (गिअरबॉक्स) बंद पडतो. दोघांच्या बोलण्यानं मी घाबरलो, म्हणून स्वतः समजून घेऊन करायचं ठरवलं.

जॅक, दोन स्टँड, टॉर्क पाना आणि हातपंप आहे. इंजिन ऑईल मी नेहमी घरीच बदलतो. अडचण ही की या डब्याला डिपस्टिकच नाही, पातळी पाहायची कशी? ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून गिअरबॉक्सचं तापमान दिसतं. काल काटोलहून आलो, दुपारी दीड तास गाडी अंगणात उभी होती, तरी रीडर ५८ अंश दाखवून राहिला. किती लिटर निघतं, किती टाकायचं, कोणी केलं असेल तर सांगा.

वाडीचा_ट्रान्सपोर्टवाला

भाऊ, ऑईल टोयोटाच्या डब्ल्यूएस ग्रेडचंच घ्या, ऑईलच्या कॅनवर तसं लिहिलेलं पाहून. लाल दिसते म्हणून कोणी पॉवर स्टिअरिंगमध्ये चालणारं डेक्सरॉन हातात देईल, ते घेऊ नका. डब्ल्यूएस त्यापेक्षा पातळ असते आणि गिअरचा डबा त्याच्यासाठीच बनवलेला आहे. फ्लशबद्दल माझं मत सरळ आहे: ज्या गाडीचं ऑईल कधी बदललं नाही, तिला मशीन लावू नये. बाकीचं हिंगण्याचे काका सांगतील.

हिंगणा_वर्कशॉप

मी एस.टी.च्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालो. तिथं सगळे हातानं गिअर टाकायचे डबे. ऑटोमॅटिक मी साठीनंतर शिकलो, मुलाच्या फॉर्च्युनरवर. तिचाही सहा गिअरचा डबा, त्यालाही डिपस्टिक नाही.

तुमच्या ५८ मध्येच सगळं उत्तर आहे. या डब्यात लिटर मोजून पातळी ठरत नाही, तापमानावर ठरते. चेंबरखाली (डब्याच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याखाली) ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो. इंजिन चालू ठेवून, ऑईल ठराविक तापमानाला आल्यावर तो उघडायचा. जास्तीचं ऑईल धार धरून निघतं, धारेचं थेंब झालं की बोल्ट बंद. बहुतेक सीलबंद डब्यांत हे तापमान चाळीसच्या आसपास असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा रिपेअर मॅन्युअलमधूनच घ्या.

आता हिशेब पाहा. दहा लिटर ऑईल चाळीसवरून ऐंशीवर गेलं तर साधारण तीनशे मिली फुगतं. तुम्ही ५८ वर बोल्ट उघडला तर फुगलेलं ऑईल बाहेर पडेल, तुम्हाला वाटेल पातळी बरोबर झाली, आणि डबा थंड झाला की ऑईल कमी. ऑईल कमी म्हणजे पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि आणखी तापतात. उलट ऑईल फार थंड असताना बघितलं तर भरणा जास्त होतो आणि फेस येतो. म्हणून नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हे काम करायचं नाही. रात्रभर गाडी उभी ठेवा, पहाटे पाचला करा. तेव्हा डबा तीस-बत्तीसला असतो, इंजिन चालू केल्यावर हळूहळू वर येतो, बोल्ट उघडायला वेळ मिळतो.

आणि जॅक लावूच नका! हायलक्स उंच आहे, माणूस पाठीवर सरकून खाली जातो. चार चाकं जमिनीवर, चाकांपुढं-मागं लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू असताना केबिनमध्ये एक समजदार माणूस ब्रेकवर पाय ठेवून बसलेला पाहिजे. त्यानं गिअरचा दांडा पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) अशा प्रत्येक जागी थोडं थांबून पुन्हा पी वर आणायचं, म्हणजे ऑईल सगळीकडं फिरतं. तो पी वर आल्याशिवाय तुम्ही खाली जायचं नाही. स्टँडवर चढवलेली फोर बाय फोर गाडी, इंजिन चालू, खाली माणूस आणि वर कोणी चुकून डी मध्ये टाकली, असं दृश्य मला विचारातही नको.

क्रम सांगतो. सगळ्यात आधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते पाहा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचं ऑईल काढून टाकलं असेल तर गाडी जागेवर अडकते. तो सुटला की मगच ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑईल काढायचा खालचा बोल्ट. निघालेलं ऑईल मोजपात्रात घ्या. जेवढं निघालं तेवढंच पंपानं आत टाका, वर अर्धा लिटर जादा, ते ओव्हरफ्लोनं बाहेर येईल. बोल्टचे वॉशर नवे.

एका खेपेला सगळं ऑईल निघत नाही. बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑईलमधून डब्याला देणारा भाग) आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. समजा पस्तीस टक्के बदललं. पाच-सातशे किलोमीटर चालवून पुन्हा, मग तिसऱ्यांदा. जुनं पहिल्या खेपेनंतर ६५ टक्के उरतं, दुसऱ्यानंतर ४२, तिसऱ्यानंतर २७. दुसऱ्या गॅरेजवाल्याची भीती एकदम पूर्ण बदलण्याबद्दल असेल तर हा मधला मार्ग आहे.

झटक्याबद्दल मात्र खोटी आशा देत नाही. ऑईल बदलल्यानं तो जाऊही शकतो, नाहीही. निघालेल्या ऑईलचा वास घ्या. जळकट असेल आणि त्यात चकाकणारे तुकडे दिसले तर पुढच्या खेपा करू नका, डबा तपासायला द्या. राखाडी बारीक पेस्ट बोटाला लागली तर ती नेहमीची झीज आहे.

काटोलचा_बागायतदार

काका, फार मोलाचं सांगितलं. एक अडचण आहे. अंगणाची फरशी गेटकडं उताराला आहे, पावसाचं पाणी जावं म्हणून. चालेल का?

हिंगणा_वर्कशॉप

नाही चालणार. पातळी म्हणजे पातळी. बागेत पॅकिंगची शेड असेल नं? तिथलं काँक्रीट गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं तपासा, पुढच्या आणि मागच्या चाकापाशी. दोन्हीकडं पाणी सारखं आलं की झालं.

काटोलचा_बागायतदार

झालं! शनिवारी संध्याकाळीच गाडी शेडमध्ये लावली. नळीनं पाहिलं तर एका कोपऱ्यात दीड बोट फरक होता, गाडी दुसरीकडं सरकवली. पहाटे पाचला रीडरवर ३२. भरायचा बोल्ट खरंच घट्ट होता, पाइप घालून सोडवावा लागला. आधी खालचा उघडला असता तर मी आज काटोललाच बसलो असतो.

३.४ लिटर निघालं. काळपट तपकिरी, पण जळका वास नाही, तुकडे नाहीत, बोटाला थोडी राखाडी पेस्ट. तेवढंच टाकलं आणि वर अर्धा लिटर. बायको केबिनमध्ये बसली, प्रत्येक जागी दहापर्यंत मोजून मला मोठ्यानं सांगत होती. मॅन्युअलमधल्या आकड्याला आल्यावर बोल्ट उघडला, लाल धार आली, मिनिटभरात थेंबावर आली, बंद केला. जे बाहेर आलं ते मोजलं, चारशे मिलीला थोडं कमी.

परतीत गाडी तापवून पाहिली. झटका आहे, पण आधीपेक्षा मऊ. एका खेपेत एवढाच फरक अपेक्षित आहे का? आणि हे जुनं ऑईल कुठं द्यायचं?

वाडीचा_ट्रान्सपोर्टवाला

नालीत टाकू नका भाऊ, नालीतलं शेवटी नाग नदीतच जाते. वापरलेलं ऑईल धोकादायक कचऱ्यात मोडते. आमच्याकडं दोनशे लिटरचं बॅरल आहे, परवानाधारक पुनर्वापरवाले भरलं की उचलतात. कॅन झाकण घट्ट लावून आणा, त्यात पेट्रोल-थिनर मिसळू नका, मिसळलं तर ते घेत नाहीत.

हिंगणा_वर्कशॉप

मऊ झाला म्हणजे दिशा बरोबर आहे. अजून दोन तृतीयांश जुनंच फिरून राहिलं आत. पुढच्या खेपेआधी सिल्लेवानी लोड घेऊन चढू नका. घाटात ट्रकमागं रांगताना कन्व्हर्टरचा लॉक (इंजिन आणि डबा थेट जोडणारा) सुटलेला असतो, सगळी घसर ऑईलमध्येच उष्णता होऊन उतरते. समृद्धीवर रिकामी चालवलीत तर उलट बरं, तिथं लॉक लागलेला राहतो. पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा शेडमध्ये, पहाटे.

काटोलचा_बागायतदार

छिंदवाड्याचा माल यावेळी भाड्याच्या गाडीनं पाठवतो काका. दुसऱ्या खेपेसाठी ऑईल आणि वॉशर आजच घेऊन ठेवले. कॅन घेऊन उद्या वाडीला येतो दादा, पत्ता निरोपात पाठवा.