मदत हवी आहे : ट्रेलहेडवरच्या शुल्काचा हिशेब कुणाकडे मागायचा?

अमेरिकेतल्या आमच्या जवळच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये ट्रेलहेडवर, म्हणजे डोंगरातली पायवाट सुरू होते तिथे, रोजचे 5 डॉलर घेतात. पैशांचा लिफाफा लोखंडी नळीत टाकायचा, चिठ्ठी गाडीच्या आरशाला अडकवायची. पण शौचालयाला महिनोन् महिने कुलूप आणि कचऱ्याचा डबाही गायब! 2004 च्या फेडरल कायद्याप्रमाणे यातले निदान 80 टक्के (अपवाद म्हणून 60) पैसे जमा झालेल्या ठिकाणी किंवा युनिटमध्येच वापरायला हवेत. रेंजर ऑफिसला फोन, ईमेल दोन्ही करून झालं. 'सुधारणांसाठी वापरतो' एवढंच उत्तर. जागा खासगी ठेकेदाराकडे नाही, हे विचारून घेतलंय. पैसे द्यायला माझी ना नाही, पण ते भरणाऱ्यांच्या उपयोगी पडायलाच हवेत. आता माहिती अधिकाराचा फेडरल अर्ज, म्हणजे एफओआयए, करायचा आहे. वकील परवडणार नाही. फक्त या एका ट्रेलहेडचा जमाखर्च मिळण्यासाठी अर्जात नेमकी कोणती कागदपत्रं मागायची?