एमएच३७०: फोन वाजला म्हणून विमान दिएगो गार्सियाला?

वातकुक्कुट
२०१४ मध्ये बेपत्ता झालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच३७०. कालच्या धाग्यात एकाने त्याबद्दल ठासून लिहिलं, "नातेवाइकांनी फोन केले तेव्हा रिंग जात होती, म्हणजे विमान सुखरूप उतरलं होतं. अमेरिकेने ते दिएगो गार्सियाला, हिंदी महासागरातल्या आपल्या लष्करी तळाच्या बेटावर, लपवलं." त्यावर लाइक्सचा पाऊस. एका ओळीत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून हा धागा.

आधी रिंग. आपल्या कानात येणारी रिंग समोरच्या हँडसेटमधून येत नाही, ती नेटवर्क ऐकवतं. रोमिंगवरचा फोन शोधायला वेळ लागतो, तोवर काही नेटवर्क रिंग चालू ठेवतात. फोन समुद्राच्या तळाशी असला तरी.

आता बेट. ८ मार्च २०१४, रात्री १२:४२ ला क्वालालंपूरहून उड्डाण, १:२१ ला इगारी या हवाई मार्गावरच्या बिंदूजवळ ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) गायब, मग माघारी वळून पेनांगच्या बाजूने अंदमान समुद्राकडे. २:२२ नंतर लष्करी रडारवरही नाही. पण २:२५ ला विमानाच्या सॅटेलाइट टर्मिनलने, म्हणजे एसडीयूने, इनमारसॅट या उपग्रह-सेवेवर पुन्हा लॉग-ऑन केलं आणि सकाळी ८:१९ पर्यंत अधूनमधून हाकेला ओ दिली. ओ यायला लागलेल्या वेळेवरून उपग्रहापासूनचं अंतर निघतं, चूक दहाएक किलोमीटरची. उपग्रह ६४.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर. दिएगो गार्सियाहून तो जवळजवळ डोक्यावर असतो. ८:१९ ला मात्र विमानातून तो क्षितिजापासून चाळिसेक अंशच वर होता. विमान त्या बेटावर असतं तर हा आकडा आलाच नसता.

कोनाडा
बेटाचं सोडा, ती पोरकट थिअरी. पण तुम्ही मुद्द्याला बगल दिलीत. कॅप्टनने केलं हे सरळ म्हणा की. घरच्या सिम्युलेटरवर दक्षिण हिंदी महासागरातले बिंदू सापडले होते. सिल्कएअर १८५, इजिप्तएअर ९९०, जर्मनविंग्ज ९५२५, वैमानिकानेच विमान पाडल्याचं म्हटलं गेलेली उदाहरणं कमी आहेत का?

वातकुक्कुट
सरळ म्हणणार नाही. मलेशियाच्या जुलै २०१८ च्या अहवालात इतकंच आहे की वळण हाताने घेतलेलं दिसतं आणि तिसऱ्या कुणाचा हस्तक्षेप नाकारता येत नाही. 'कोणीतरी केलं' आणि 'यानेच केलं' यांत फरक असतो.

धूरकट
आणि आग? सामानात २२१ किलो लिथियम-आयन बॅटऱ्या होत्या, त्यावर कुणी बोलत नाही. स्विसएअर १११ मध्ये वायरिंगच्या आगीने शेवटच्या सहा मिनिटांचं रेकॉर्डिंगसुद्धा उडवलं होतं.

कोनाडा
स्विसएअर धूर दिसल्यापासून वीसेक मिनिटांत समुद्रात गेलं. हे सात तास उडालं. कसली आग ही, सोयीने विझणारी?

शेवटचा_डबा
मूळ रोग वेगळाच आहे. ट्रान्सपॉन्डर बंद करता येतो हाच गुन्हा आहे! बसच्या जीपीएसला कंडक्टर हात लावू शकत नाही आणि इथे २३९ माणसांचं विमान एक नॉब फिरवून गायब. बटणच काढून टाका.

धूरकट
काढा की. मग त्याच डब्यात शॉर्टसर्किट झालं तर वैमानिकाने काय फुंकर मारायची? विमानातल्या जवळपास प्रत्येक विद्युत उपकरणाची वीज तोडता आलीच पाहिजे. शिवाय ट्रान्सपॉन्डर दोन असतात. एकाने चुकीची उंची पाठवायला सुरुवात केली तर शेजारच्या विमानाचं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारी यंत्रणा, खोटे इशारे देतं. तेव्हा नॉब दुसऱ्यावर न्यावा लागतो, नाहीतर स्टँडबायवर.

शेवटचा_डबा
ठीक, तज्ज्ञसाहेब. मग एसडीयूचं स्विच कुठे होतं?

वातकुक्कुट
या धाग्यातला हा पहिला कामाचा प्रश्न. कॉकपिटमध्ये त्याचं स्वतंत्र स्विच नाही. ते डाव्या एसी बसवर, म्हणजे वीजवाहिनीवर, चालतं. ते मारायचं तर डावा जनरेटर बंद करून बस-टायही (दोन्ही बाजूंच्या वाहिन्या जोडणारे स्विच) तोडायचे, नाहीतर उजवी बाजू आपोआप वीज पुरवते. १:३७ चा ठरलेला एकार्स (विमान जमिनीवर आपोआप पाठवतं तो) संदेश आलाच नाही, आणि २:२५ ला टर्मिनल उठलं ते फ्लाइट आयडीशिवाय. वीज गेली आणि परत आली, हा सरळ अर्थ. जळलेला बस तासाभराने आपला आपण उठत नाही, धूरकट.

धूरकट
बरं बाबा, आग नाही. तुमचा विजय असो. पण मग ८:१९ चं सांगा. इंधन संपलं, इंजिनं बंद पडली, एपीयू, म्हणजे शेपटातलं छोटं वीजनिर्मिती इंजिन, आपोआप सुरू झालं, टर्मिनल पुन्हा लॉग-ऑन झालं. त्याला साडेतीन-पावणेचार मिनिटं लागतात. एवढ्या वेळात कुणी हाताने तरंगत नेलं असेल तर सगळा शोध चुकीच्या पट्ट्यात झाला.

वातकुक्कुट
त्या लॉग-ऑनच्या फ्रिक्वेन्सीतला फरक बघा, विमानाच्या हालचालीने ती सरकते. आधी १८२ हर्ट्झ, आठ सेकंदांनी उणे २. विमान खाली येत होतं आणि त्याचा वेग वाढत होता. शिवाय टांझानियात सापडलेला उजव्या पंखाचा फ्लॅप, म्हणजे उतरताना बाहेर काढतात ती मागची पट्टी, ऑस्ट्रेलियाच्या तपासात बहुधा आत घेतलेला ठरला. पाण्यावर उतरवू पाहणारा तो बाहेर काढतो.

धूरकट
टर्मिनल नुकतं उठलं की त्याचा ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) गरम होईपर्यंत फ्रिक्वेन्सी सरकते, हे सोयीने विसरलात. आणि रीयुनियनला २०१५ मध्ये मिळालेल्या फ्लॅपेरॉनची (पंखाच्या मागच्या बाजूच्या हलत्या भागाची) मागची कडाच खाल्लेली होती. ती पाण्यात ओढली गेल्याची खूण नाही कशावरून? इंजिनं बंद असताना फ्लॅप काढायला वीज कुठून आणायची, तेही सांगा.

वातकुक्कुट
शेवटचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. आत घेतलेल्या फ्लॅपवरून 'हाताळणारं कुणी नव्हतं' हे सिद्ध होत नाही. सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीचा मात्र तपासात हिशेब धरलाय, तरी खाली येण्याचा वेग मोठाच निघतो.

शेवटचा_डबा
हे सगळं बरोबर, तर इतकी वर्षं सापडत का नाही? १,२०,००० चौरस किलोमीटर चाळले.

कोनाडा
भारतीय हवाई दलाचं एएन-३२ आठवा. जुलै २०१६ मध्ये चेन्नईच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना गेलं. मार्ग माहीत, वेळ माहीत, तरी ३,४०० मीटर खोलवरचे अवशेष कळले जानेवारी २०२४ मध्ये. इथे उपग्रहापासूनच्या त्या अंतराच्या कंसावर विमान नेमकं कुठे हेच कळत नाही, आणि तळाला डोंगर-दऱ्या. ब्लॅक बॉक्सच्या पिंगरची, म्हणजे पाण्याखाली आवाजाची खूण देणाऱ्या यंत्राची, बॅटरी तीस दिवसांची. त्यातही डेटा रेकॉर्डरच्या पिंगरची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपलेली.

शेवटचा_डबा
मुदत संपलेली बॅटरी घेऊन विमान उडतं आणि मी ट्रान्सपॉन्डरच्या बटणावर बोललो तर मूर्ख! धन्य.

धूरकट
बॅटरीवर तुम्ही बरोबर आहात. बटणावर नाही. आता पिंगर नव्वद दिवसांचे झालेत, आणि नव्या जड विमानांसाठी संकटात दर मिनिटाला आपोआप जागा कळवणारी यंत्रणा ठरवली आहे, वैमानिकाला बंद न करता येणारी.

शेवटचा_डबा
म्हणजे न बंद होणारी यंत्रणा जमते! मग वर एवढा वेळ शॉर्टसर्किटचं काय सांगत होतात?