शॅमरॉकची वाटी म्हणजे लाचारी? मला नाही पटत

बेलफास्टवासी:
परवा इथे एकाने लिहिलं की दर १७ मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिक डेच्या सुमारास आयरिश पंतप्रधान वाटीत शॅमरॉक (तीन पानांचं रोपटं, आयर्लंडची खूण) घेऊन व्हाइट हाउसला जातो ती निव्वळ लाचारी. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. ५० लाखांच्या आसपास वस्तीचा देश, त्याला अमेरिकेच्या अध्यक्षासमोर दरवर्षी हक्काने बसायला मिळतं, दुसऱ्या कुठल्या एवढ्याशा देशाला मिळतं सांगा. १९५२ मध्ये त्यांच्या राजदूताने ट्रुमनसाठी शॅमरॉकची छोटी पेटी पाठवली तिथून हे सुरू झालं. उत्तर आयर्लंडातल्या शांततेसाठी अशा जपलेल्या ओळखीच कामी आल्या, १९९४ मध्ये ब्रिटिशांचा विरोध असून क्लिंटनने ब्रिटिश राजवटीविरुद्ध बंदूक उचललेल्या आयआरएशी जोडलेल्या पक्षाचा नेता जेरी अ‍ॅडम्सला व्हिसा दिला, त्याच वर्षी ऑगस्टअखेर आयआरएची शस्त्रसंधी, आणि १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता कराराच्या चर्चेचे अध्यक्ष कोण तर अमेरिकेचे जॉर्ज मिचेल. मी इथे उत्तर आयर्लंडात, बेलफास्टच्या हॉस्पिटलात नाइट करतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधलं लॅनार्क वेचं लोखंडी फाटक आजही रात्री बंद होतं, मग मोठा वळसा पडतो. पण फाटकाच्या दोन्ही बाजूंचे लोक माझ्याच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर असतात.

स्पष्ट_बोलतो:
लाचारी मीच लिहिलं होतं, शब्द मागे घेणार नाही. नोरेड ही अमेरिकेतली पैसे गोळा करणारी आयरिश संघटना विसरलात का? अमेरिकेतल्या आयरिश बारमधून डबे फिरायचे, कैद्यांच्या कुटुंबांसाठी म्हणून, आणि तो पैसा बंदुकांना जातो असा आरोप ब्रिटिश, आयरिश, अमेरिकन तिन्ही सरकारं करत होती. समुद्रापलीकडे बसून भावनेने पैसे पाठवायचे, मरायचे मात्र बेलफास्टचे. करार केला तो उत्तर आयर्लंडातल्या दोन बाजूंच्या नेत्यांनी, ह्यूम आणि ट्रिंबलने, नोबेलही त्यांनाच मिळालं. मिचेल चांगला माणूस होता, एवढं मान्य.

टेक्सासची_ताई:
मला वेगळंच टोचतंय. अमेरिकेच्या १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात मॉरिसन व्हिसा आला, तीन वर्षांत ४८ हजार व्हिसे एकट्या आयर्लंडसाठी राखीव! आणि आम्ही? ग्रीन कार्डांना दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. यांचा ग्रीन कार्डचा अर्ज २०१२ चा, तेव्हा मुलगा दुसरीत होता, येत्या नोव्हेंबरात २१ चा होईल की आमच्या व्हिसावरून त्याचं नाव उडणार. त्याला मराठी वाचता येत नाही, भारतात कुठे परत पाठवू त्याला?

बेलफास्टवासी:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण ते व्हिसे आयरिशांना कुणी आणून दिले नाहीत. कागदपत्रं नसलेली पोरं होती, न्यूयॉर्कात बांधकामावर नाहीतर बारमध्ये राबणारी, १९८७ मध्ये त्यांनी संघटना काढली आणि काँग्रेसवाल्यांचे उंबरे झिजवले.

स्पष्ट_बोलतो:
गोरे होते म्हणून दार उघडलं, सरळ सांगा की.

टेक्सासची_ताई:
ते तर आहेच. पण दादा, त्या पोरांनाही मत नव्हतं, मत होतं त्यांच्या मामा-काकांना आणि ते भाच्यांसाठी उभे राहिले. आमच्याकडे आधी आलेले, नागरिक झालेले काका-मावश्या काय म्हणतात? "आम्हीही रांगेत थांबलो, तुम्हीही थांबा." गणपतीत ढोल वाजवायला तीनशे माणसं जमतात, काँग्रेसवाल्याला पत्र लिहू या म्हटलं तर सह्या अकरा. अकरा! त्यातल्या चार आमच्याच घरातल्या.

आजोबा_न्यूजर्सी:
ताई, जरा जपून. आम्ही १९८१ ला आलो तेव्हा घरी फोन करायलासुद्धा दहादा विचार करावा लागे. मंडळ उभं केलं, पोरांना मराठी शाळा दिली ती आम्हीच. सह्या मागायला माझ्याकडे कोणी आलं नाही. आलात तर करेन.

मालवणकर:
भांडण गावभर फिरून आलं, पण ती वाटी आपल्या माणसानेही नेली आहे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, वडलांचं मूळ आमच्या मालवण तालुक्यातलं वराड, २०१९ अखेर ते गावी आले होते. २०१८ मध्ये पंतप्रधान म्हणून अमेरिकेला गेले तेव्हा ओक्लाहोमात चोक्टॉ या अमेरिकेच्या मूळनिवासी लोकांना भेटून आले आणि त्यांच्या मुलांसाठी आयर्लंडात शिकायची शिष्यवृत्ती जाहीर केली. कारण १८४७ चं. स्वतःच्या जमिनीवरून हाकललेल्या त्या लोकांनी आयर्लंडच्या दुष्काळाला १७० डॉलर पाठवले होते. कॉर्कजवळ मिडल्टनला त्यांच्या नावाने स्टीलची नऊ पिसं उभी आहेत, आणि २०२० च्या साथीत आयरिश लोकांनी नावाहो आणि होपी या दुसऱ्या मूळनिवासी जमातींना पैसे पाठवले. याला लाचारी म्हणायचं?

स्पष्ट_बोलतो:
चोक्टॉंचं मान्य, तिथे व्हाइट हाउस नव्हतं मध्ये. वाटीबद्दल माझं मत तेच. डब्लिनमध्ये अमेरिकन कंपन्या येतात त्या कमी टॅक्स बघून, शॅमरॉक बघून नाही.

टेक्सासची_ताई:
आजोबा, शनिवारी दुपारी फोन करते. पत्राचा मसुदा तयार आहे.