प्रतिसाद: फक्त तिसऱ्या गिअरलाच खरखर असेल तर क्लचला हात लावू नका

तिसरा गिअर टाकताना खरखर म्हणजे क्लच प्लेट गेली, असं वर लिहिलंय ते नाही पटत. क्लच नीट सुटत नसेल तर सगळेच गिअर त्रास देतात, रिव्हर्स तर हमखास करकरतो. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, ५-६ सेकंद थांबून रिव्हर्स टाका, गुपचूप पडला तर क्लच ठीक, मग संशय तिसऱ्याच्या सिंक्रो रिंगवर (गिअर पडताना वेग जुळवून देणारी पितळी रिंग).

माझ्या गाडीचं हेच झालं, सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या फिटरने गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर सोनेरी कण, चुंबकाला चिकटेनात, म्हणजे पितळच! आधी कुणीतरी जीएल-४ ऐवजी जीएल-५ (दोन्ही गिअर ऑइलचे ग्रेड) भरलेलं, त्यातलं गंधक पितळी रिंग खाऊ शकतं. आणि गिअरबॉक्स उतरवलाच तर स्लीव्ह (सरकून गिअरमध्ये अडकणारी कडी) नि गिअरचे दात पण बघा, गोल झाले असतील तर नुसती नवी रिंग टिकत नाही.