चितळ आणि रोही (नीलगाय) यांच्या बंदोबस्ताबाबत गावात एकमत कसे घडवावे?

प्रश्न (शेतकरी, रामटेक तालुका):
आमचे गाव पेंच व्याघ्र प्रकल्पालगत आहे. धान कापणीला आले की चितळांचे कळप रात्री बांध्यांत उतरतात आणि पुढे तूर-हरभऱ्यावर रोही पडतात. शेतकऱ्यांना जनावरे मारण्याची परवानगी हवी आहे, सफारीचे जिप्सीचालक व गाइड यांना एकही चितळ कमी झालेले नको आहे आणि वनविभागाचे बोलणे पंचनाम्यापुढे जात नाही. ग्रामसभेत ठराव व्हावा, यासाठी सुरुवात कुठून करावी?

उत्तर (निवृत्त वनकर्मचारी, नागपूर):
परवानगीच्या मुद्द्यापासून सुरुवात केली तर चर्चा तिथेच अडकेल. आधी दोन्ही जनावरांचा विचार वेगळा करावा. रोही उघड्या शिवारात वावरते. चितळ मात्र जंगलाचा आडोसा सोडून सहसा फार दूर जात नाही, त्यामुळे त्याचे नुकसान काठावरच्या शेतांत एकवटते आणि तिथे सामूहिक कुंपण परवडू शकते. चितळ हे वाघाचे प्रमुख भक्ष्य आहे आणि ते घटले तर गुरांवरचा धोका वाढू शकतो, ही गोष्ट सभेत गुराख्याने सांगावी. अधिकाऱ्याने सांगितलेली पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरे म्हणजे नोंद एकत्र करावी. वनरक्षक जंगलात दिवसा मोजतो आणि शेतकरी जागलीवर रात्री पाहतो, म्हणून दोघांचे आकडे कधी जुळत नाहीत व प्रत्येकाला दुसरा खोटा वाटतो. एक हंगामभर दोघांनी, सोबत एखाद्या गाइडला घेऊन, खुरांचे ठसे, लेंड्या आणि खाल्लेले पीक गटक्रमांकानुसार लिहून त्यावर सह्या कराव्यात.

उत्तर (शेतकरी, भिवापूर):
नोंद व्हावीच, पण तोवर कुंपण थांबवू नये. आमच्याकडे ज्यांना परवडले त्यांनी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे सौम्य झटके सोडणारे यंत्र) बसवली आणि कळप शेजाऱ्याच्या शेतात वळले, त्यातून वैर वाढले. कुंपण सलग हवे, आणि त्याखालचे गवत कोण काढणार हे ठरावातच लिहावे. तारेत थेट वीज सोडणाऱ्याची मात्र गावाने गय करू नये, कारण तिथे माणसेही मरतात.

उत्तर (वकील, नागपूर):
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार पिकांना घातक ठरलेल्या काही प्राण्यांच्या शिकारीची लेखी परवानगी मिळू शकते, परंतु ती देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा असून ग्रामसभेचा नाही. २०१६ मध्ये बिहारमध्ये मोकामा भागात रोही मारल्या गेल्या, तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला होता. सह्या असलेली नोंद अर्जाला जोडल्यास तुमचे म्हणणे भक्कम होईल.

प्रश्नकर्ता:
धान निसवण्याआधी काठावरच्या शेतकऱ्यांची आणि गाइडांची बैठक घेतो. कुंपणाच्या देखभालीसाठी जिप्सीचालकांनी वाटा उचलावा, हा प्रस्ताव तिथे मांडणार आहे.